कुत्रा सारखा खाजवतोय? आधी बघा, खाज नेमकी कुठे सुटते
शेपटीच्या बुडाशी तो सारखा चावत असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्या. पिसू दिसली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, ॲलर्जी असेल तर एक-दोन चावेही पुरतात. घरातल्या सगळ्या प्राण्यांना औषध द्या. मात्र मांजरीचं वेगळं, कुत्र्याचं तिच्या जिवावर बेतू शकतं. अंथरूण गरम पाण्यात धुवा.

पंजे चाटणं, कान खाजवणं चालू असेल तर धूळ, परागकण किंवा खाणंही कारण असू शकतं. खाण्याची चाचणी म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेला एकच आहार, किमान 8 आठवडे. मध्येच एक बिस्किट दिलंत की सगळं पाण्यात! त्या डोळ्यांपुढे माझाही जीव विरघळायचा, पण टिकून राहा. आणि आपल्या गोळ्या, आपला शाम्पू त्याला कृपया नको.