गोळी पोटात, औषध रक्तात

चि.,

नाव मुद्दाम लिहीत नाही. कागद खिशात राहतो आणि धुणं भिजवताना कुणाच्या तरी हाती लागतो. अनेक आशीर्वाद.

एचआयव्हीवरची गोळी सुरू झाली, हे बरं झालं. एआरटी सेंटरवर, म्हणजे ही औषधं जिथून मिळतात तिथे, समुपदेशकांनी सगळं समजावलं असेलच. पण त्या दिवशी डोक्यात काही शिरत नाही, कुणाच्याच शिरत नाही. म्हणून हे सावकाश, दोन-तीनदा वाचायला.

तुझ्या बाटलीतल्या गोळीला सगळे टीएलडी म्हणतात. एका गोळीत तीन औषधं आहेत: टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोलुटेग्राविर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन विषाणूला स्वतःची नक्कल उतरवू देत नाहीत. तिसरं, उतरलेली नक्कल आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. तीन कशाला, तर हा विषाणू नक्कल करताना भराभर चुका करतो, आणि त्यातली एखादी चूक त्याच्या फायद्याची निघते. लॅमिवुडिनला चकवायला त्याला एक नेमका बदल पुरतो. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणं मात्र त्याला जवळपास अशक्य, पण तिन्ही पूर्ण ताकदीनं रक्तात असतील तरच.

आता नीट बघ. औषध अजिबात नसेल तर विषाणू वाढतो, पण बदलायची त्याला गरज पडत नाही. औषध पूर्ण असेल तर तो वाढतच नाही. घात होतो तो मधल्या अवस्थेत, औषध आहे पण अपुरं आहे तेव्हा. विषाणू वाढतही असतो आणि औषधाशी झुंजायलाही शिकत असतो. म्हणून चार दिवस घेतली, तीन दिवस बुडवली, पुन्हा घेतली, हा प्रकार फार वाईट. गोळ्या पुरवायच्या म्हणून अर्धी-अर्धी तोडून खाणं त्याहून वाईट. आणि गोळी रोज घेऊनही औषध रक्तात पोचत नसेल, तर तेही त्याच जातीचं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, तो भाग चुकवू नकोस.

आधी रोजचं. दिवसातून एक गोळी, ठरलेल्या वेळी, पाण्यासोबत, अख्खी. जेवणाआधी की नंतर, यानं फरक पडत नाही. उपाशीपोटी मळमळलं तर खाऊन घे. एकादशी, नवरात्र, रोजे, काहीही असो, दिवसाला एकच गोळी असल्यामुळे वेळ बसवता येते. रोजे ठेवणारे सहरी किंवा इफ्तार यांपैकी एक वेळ धरतात. निर्जळी उपवासातसुद्धा गोळीपुरतं घोटभर पाणी प्यायचं. देव तेवढा हिशोब ठेवत नाही.

सेंटरच्या रांगेत जुनी मंडळी भेटतील. मायेनं सांगतील, "रात्री झोपतानाच घे, तेलकट खाऊ नकोस, डोकं गरगरतं." ते खोटं नाही, पण ते दुसऱ्या गोळीचं आहे. सरकारी मोफत उपचार १ एप्रिल २००४ ला सुरू झाले. तेव्हाच्या औषधांत स्टॅव्हुडिन असायचं. त्यानं गाल बसायचे, पायांची आग व्हायची. पुढे एफाविरेन्झ आलं. रात्री झोपताना घ्यायचं आणि तेलकट जेवणावर नको, हे नियम त्याचे. तुझ्या गोळीला त्यातलं काही लागू नाही. उलट डोलुटेग्राविरनं काहींची झोप उडते. तसं झालं तर वेळ सकाळची कर. बदल करताना गोळ्यांमधलं अंतर वाढवायचं नसतं, कमी करायचं असतं. रात्री नऊला घेत असशील तर पुढची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, आणि मग रोज सकाळी. बारा तासांत दोन गोळ्या होतात, पण ते एकदाच. सेंटरला फोन करून विचार आणि मगच बदल.

पहिल्या दोन आठवड्यांत डोकं दुखेल, मळमळेल, विचित्र स्वप्नं पडतील. बहुतेकांचं आपोआप थांबतं. वजन काही जणांचं वाढतं, त्यावर लक्ष ठेव. गोळी घेतल्यावर तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घे; तासानंतर झाली तर गरज नाही. अंगावर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड किंवा डोळे पिवळे असं काही दिसलं तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

विसरलीस तर आठवल्याक्षणी घे. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तरच ती सोडून दे. भरपाई म्हणून दोन एकदम नाहीत. एक गोळी चुकल्यानं आभाळ कोसळत नाही. डोलुटेग्राविर रक्तात निम्मं व्हायला साधारण चौदा तास घेतं, टेनोफोविर पेशीच्या आत काही दिवस टिकतं. पण नेमकं म्हणूनच तीन-चार दिवसांची सुट्टी महागात पडते. तिन्ही औषधं एकदम निघून जात नाहीत, मागेपुढे जातात, आणि शेवटी एखादंच बिचारं एकटं लढत राहतं.

आता तो भाग. डोलुटेग्राविरचं एक वैर आहे: कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त. हे धातू पोटात त्याला असे धरून ठेवतात की ते आतड्यातून रक्तात पुरेसं शिरतच नाही. गोळी गिळलेली असते, बाटलीतली संख्या बरोबर असते, आणि तरी औषध पोचलेलं नसतं.

हे कुठे घडतं बघ. रात्री मिसळ खाल्ली, जळजळलं, डायजीन किंवा जेलुसिल घेतलं आणि दहा मिनिटांनी टीएलडी. त्या दोन्हींत मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम आहे. रोजच रात्री असं होत असेल, तर रोजचा डोस कमी पडतोय आणि तुला पत्ताही नाही. नियम असा: टीएलडी आधी घेतली तर अ‍ॅन्टासिड निदान दोन तासांनी. अ‍ॅन्टासिड आधी घेतलं तर टीएलडी सहा तासांनी. दोन आणि सहा, उलटसुलट करू नकोस. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल चालतं, त्यात हे धातू नसतात. रोज पित्त होत असेल तर डॉक्टरांना तेच मागून घे.

कॅल्शियमची गोळी, रक्त वाढवायची लाल गोळी, मल्टिव्हिटॅमिन, जिममधले मिनरलवाले डबे यांनाही हाच दोन-सहाचा हिशोब. कॅल्शियम किंवा लोहाच्या बाबतीत एक सोय आहे: पोटभर जेवणासोबत दोन्ही एकत्र घेतली तर चालतात. अ‍ॅन्टासिडला ही सवलत नाही. आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून शंखभस्म, लोहभस्म घेणारे असतात. शंख म्हणजे कॅल्शियमच, लोहभस्म म्हणजे लोहच. पोटाला नावाशी देणंघेणं नसतं.

भस्मांवरून आठवलं. कुणीतरी नक्की सांगेल की अमुक गावात एक वैद्य सहा महिन्यांत मुळापासून बरं करतो. औषध नियमांच्या अनुसूची 'जे'मध्ये अशा आजारांची यादी आहे ज्यांवर बरं करण्याचा दावा करणंच बेकायदा आहे, आणि त्या यादीत एड्सचं नाव पहिलं आहे. वाद घालू नकोस, "बरं बरं" म्हण आणि गोळी चालू ठेव.

टीबीचं वेगळं. एचआयव्हीसोबत टीबी फार येतो, आणि गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत लपलेला टीबी उघडा पडू शकतो, कारण प्रतिकारशक्ती जागी होते आणि भांडायला लागते. खोकला, ताप, रात्रीचा घाम, उतरणारं वजन, यातलं एकही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा. लोक इथे 'गोळी मानवली नाही' म्हणून बंद करतात. तो मोठा घोटाळा. टीबी निघाला आणि औषधात रिफाम्पिसिन आलं (लघवी केशरी होते, त्यावरून कळतं), तर ते लिव्हरला डोलुटेग्राविर झपाट्यानं संपवायला लावतं. मग डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची आणखी एक सुटी गोळी लागते, टीएलडीनंतर बारा तासांनी, टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे. टीबीवाल्यांना एआरटीचं आणि एआरटीवाल्यांना टीबीचं सांगणं तुझ्याकडे. दोघं एकमेकांना विचारतील या भरवशावर राहू नकोस. टीबी होऊ नये म्हणून देतात ती आयसोनियाझिड मात्र टीएलडीसोबत खुशाल चालते.

फिटची औषधं, म्हणजे फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, हीही डोलुटेग्राविर खाली आणतात. साखरेचं मेटफॉर्मिन उलट रक्तात वाढतं, म्हणून ते दिवसाला एक हजार मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. कोणत्याही डॉक्टरनं नवीन गोळी लिहिली की चिठ्ठीचा फोटो सेंटरच्या फार्मासिस्टला दाखवायचा. बाहेरच्या डॉक्टरला आजार सांगायची हिंमत होत नसेल तर निदान एवढं तरी कर.

टेनोफोविरचं ओझं किडनीवर. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, किडनी नीट चालते का ते त्यावरून कळतं. इथे एक गंमत आहे: डोलुटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडंसं चढतं, किडनीला काहीही न होता. औषध फक्त क्रिएटिनिनच्या बाहेर पडण्याची एक वाट अडवतं. तेवढ्यानं घाबरू नकोस, पण चढतच राहिलं तर डॉक्टर बघतील. जिमसाठी क्रिएटिन घेत असशील तर तेही आकडा फुगवतं, रक्त देण्याआधी सांग. आणि पाठ दुखली की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून आठवडाभर खायचं, ही आपल्याकडची सवय टेनोफोविरसोबत खरोखर धोक्याची आहे. पॅरासिटॅमॉलवर भागव.

सुरुवातीच्या तपासण्यांत कावीळ ब ची चाचणी असते. तिचा निकाल विचारून घे. टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही कावीळ ब वरचीही औषधं आहेत. ती कावीळ असताना टीएलडी अचानक बंद केली तर लिव्हर भडकतं आणि माणूस आयसीयूत जातो.

बाटलीचं सांगतो. आत एक छोटी पुडी किंवा डबी असते, ओल शोषणारी. ती फेकायची नाही, खायची तर नाहीच. झाकण घट्ट. बाथरूममधल्या कपाटात, गॅसच्या ओट्यावर, गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. तीस अंशांच्या आत राहायला हवी, आणि मे महिन्यात डिकीत काय होतं हे तुला ठाऊक आहे. बाटली खुळखुळ्यासारखी वाजते, खोलीत तिघं राहत असले की तेच नको होतं. वर कोरड्या कापसाचा बोळा दाबून बसव, आवाज बंद होतो. लेबल सोलायचं असेल तर सोल, पण आधी मुदत आणि बॅच नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेव. दुसऱ्या औषधाच्या डबीत मात्र भरू नकोस. डोकं दुखतंय म्हणून खोलीतला कुणीतरी तुझी गोळी खाईल. गजराला नाव द्यायची गरज नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला गोळी बांध, दात घासणं सगळ्यात सोपं.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी होईल, मग बाराव्या महिन्यात, पुढे वर्षातून एकदा. आकडा हजाराच्या वर आला तर लगेच गोळी बदलत नाहीत. आधी तीन महिने समुपदेशन, गोळ्या काटेकोर, आणि मग पुन्हा तपासणी. त्या वेळी खरं सांगणं तुझ्या फायद्याचं. दोनशेच्या खाली येऊन तिथेच टिकला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. हे आता पक्कं आहे. बाकीच्या गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच.

पुण्याला नोकरी लागली तर सेंटरला आधी सांग, ट्रान्सफरचा कागद करून देतात. गुपचूप जाऊन 'तिकडे बघू' म्हणणाऱ्यांचाच खंड पडतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं (लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला) नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही, आणि कायद्यातले ठरावीक अपवाद सोडले तर तुझ्या संमतीशिवाय कुणाला तुझं निदान उघड करता येत नाही. अडचण आली तर १०९७ हा मोफत नंबर आहे. प्रवासात बाटली हातातल्या बॅगेत. डिकीत टाकलेली बॅग दुसऱ्याच गावी उतरलेली असते. जेवढे दिवस जायचंय त्याहून चार गोळ्या जास्त.

तारखेला गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी जा. तिथे फार्मासिस्ट उरलेल्या गोळ्या मोजतील. हिशोब तुलाही येऊ दे: तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले, म्हणजे दोन उरायला हव्यात. पाच उरल्या तर अठ्ठावीसपैकी पंचवीस गेल्या, साधारण ८९ टक्के. हवेत ९५ च्या वर, म्हणजे महिन्याला एखादीच चूक परवडते. काही जण ओरडा बसेल म्हणून जास्तीच्या गोळ्या येताना गटारात टाकतात. मग व्हायरल लोड चढतो, कागदावर शंभर टक्के दिसतं, आणि डॉक्टरांना वाटतं औषधच फसलं. चांगली चालणारी गोळी अशी हकनाक बदलली जाते. पाच उरल्या तर पाच घेऊन जा. बाटली, सेंटरनं दिलेलं नोंदींचं हिरवं पुस्तक आणि महिनाभरात दुसरं जे काही खाल्लंस त्याची पाकिटं, सगळं एका पिशवीत.

तुझा,
काका