दीड हजारांचे इअरफोन आणि तीस हजारांचे हेडफोन : आवाजात खरंच एवढा फरक असतो का?

तुम्ही लिहिलंय की रोज लोकलमध्ये दीड हजारांच्या वायरवाल्या इअरफोनवर शास्त्रीय गायन ऐकता. परवा दुकानात पाच मिनिटं तीस हजारांचे हेडफोन लावून पाहिले आणि तेव्हापासून आपले इअरफोन फिके वाटायला लागलेत. हा फरक खरा की मनाचा, आणि त्यासाठी वर्षभर पैसे साठवावेत का, हा तुमचा प्रश्न.

फरक असतो. पण पाच मिनिटांत तुम्हाला जे जाणवलं, त्यातलं बरंचसं व्हॉल्यूमचं असणार. मला हे उलट्या बाजूने कळलं, म्हणून सांगतो.

एका मित्राने मला त्याचे सेनहायझर एचडी ६०० हे हेडफोन आठवडाभर वापरायला दिले होते. १९९७ पासून बाजारात असलेलं हे मॉडेल अजूनही लोक तुलनेसाठी समोर ठेवतात. मी ते सरळ फोनला जोडले, शेजारी माझे १८०० रुपयांचे इअरफोन ठेवले, आणि पहिल्या संध्याकाळी माझे इअरफोनच सरस वाटले. गायकाचा आवाज त्यांत भरलेला, तबला जिवंत. हेडफोन मात्र मरगळलेले. कारण साधं होतं. एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या सिग्नलला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे, माझ्या इअरफोनचा १६. फोनच्या तेवढ्याच व्हॉल्यूमवर हेडफोन बरेच हळू वाजत होते.

हळू वाजलं की नुसतं हळू ऐकू येत नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे स्वर जास्तच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे दोन हेडफोनमध्ये एखाद-दोन डेसिबलचा फरक असला, तर ‘हा मोठा वाजतोय’ असं आपण म्हणत नाही; ‘हा चांगला वाजतोय’ म्हणतो. दुकानात डेमो किती व्हॉल्यूमवर लावला होता, आठवतंय का?

म्हणून आधी दोघांचा आवाज जुळवा. यूट्यूबवर पिंक नॉइज मिळतो, पावसाच्या सरीसारखा सलग आवाज. तो एकदा यात, एकदा त्यात ऐका, दोन्ही सारखे वाटेपर्यंत व्हॉल्यूम कमी-जास्त करा आणि दोन्ही जागा लिहून ठेवा. कानाने केलेलं हे जुळवणं अंदाजेच असतं, तरी न जुळवता ऐकण्यापेक्षा कितीतरी बरं. मग एकाच ध्वनिमुद्रणाचा वीस-तीस सेकंदांचा तोच तुकडा आलटून पालटून ऐका. पूर्ण ख्याल एकात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, असं करू नका. आवाजाची आठवण इतकी टिकत नाही.

इअरफोनची रबरी टिप कानात घट्ट बसली आहे ना, तेही बघा. जरा फट राहिली की खालचे स्वर तिथून निसटतात. कित्येकदा ‘याला बास नाही’ ही तक्रार इअरफोनची नसते, टिपच्या मापाची असते.

आता काय ऐकायचं? मी तानपुऱ्यापासून सुरू करतो. काळी एकच्या पट्टीत षड्ज साधारण १३९ हर्ट्झला येतो, म्हणजे खर्जाची तार ६९ च्या आसपास. पण जवारीमुळे (घोडीला तार हलकी घासून उठणाऱ्या झंकारामुळे) त्या एका तारेतून कितीतरी वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे बारीक स्वर, झंकारत राहतात. खालपासून वरपर्यंत सगळ्या स्वरांची परीक्षा एकट्या तानपुऱ्यात होते. ज्या इअरफोनमध्ये बास फुगवलेला असतो त्यात तानपुरा नुसता घूं करतो. ज्यात वरचा भाग टोकदार असतो त्यात जवारी पत्र्यासारखी वाजते आणि गायकाचे ‘स’, ‘श’ कानाला टोचतात.

मग तबला. शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या गोलामुळे) तबल्याचे स्वरांश सुरेल नात्यात बसतात, म्हणून तो सुरात लावता येतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं. चाटेवर (पुडीच्या कडेवर) वाजणाऱ्या ‘ना’मध्ये गायकाचा षड्ज ऐकू येतो का? की डग्गा सगळं झाकून टाकतो? डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा घुमारा चढत गेलेला कळतो का, की प्रत्येक वेळी एकच ‘धब्ब’?

आवाज जुळवून (फोनऐवजी अॅम्प्लिफायरला जोडून) मी हे सगळं पुन्हा ऐकलं. एचडी ६०० मध्ये तानपुऱ्याच्या तारा सुट्या झाल्या, गायकाचा श्वास कळला, तबल्याचा सूर स्पष्ट लागला. ते ऐकताना मी खरोखर हललो. पण डग्ग्याच्या अगदी खालच्या घुमाऱ्यात माझे स्वस्त इअरफोनच पुढे होते, कारण मागून उघडे, म्हणजे मागे जाळी असलेले हे हेडफोन तिथे उतरत जातात. एकूण फरक होता, पण किमतीच्या पटीत मुळीच नव्हता.

हे माझ्या एकट्याच्या कानांचं मत नाही. येरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं प्रसिद्ध केली. कोणता हेडफोन कोणते स्वर किती वाजवतो याचा त्याच्या किमतीशी संबंध त्यांना आढळला नाही. किंमत न कळता ऐकणंही अवघड असतं, कारण वजन आणि गादी कानाला लगेच ओळखू येते. हार्मन या ऑडिओ कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज एकाच हेडफोनमधून वाजवून लोकांकडून पसंती घेतली.

जास्तीचे पैसे जातात ते बरेचसे दुसरीकडे : तीन तास लावूनही कान न दुखणं, बदलता येणारी गादी आणि केबल, नॉइज कॅन्सलेशन. ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप आणि माइकचाही खर्च आला, म्हणून दीड हजारांत मी वायरवालेच घेईन.

तुम्ही लोकलमध्ये ऐकता, त्यामुळे मागून उघडे हेडफोन घेऊच नका. गाडीचा सगळा खडखडाट आत येईल, तुम्ही व्हॉल्यूम वाढवाल, आणि ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. सध्याच्या इअरफोनना दोन-तीन मापांच्या चांगल्या टिप घ्या, फोनच्या इक्वलायझरमध्ये बास थोडा खाली आणून पाहा आणि महिनाभर ऐका. तरीही मन तिकडेच ओढत असेल तर पुन्हा त्या दुकानात जा. जाताना आपले इअरफोन आणि शंभरदा ऐकलेलं ध्वनिमुद्रण बरोबर न्या, व्हॉल्यूमचं बटण स्वतःच्या हातात ठेवा आणि आलापाची पहिली दोन मिनिटं लावा, जिथे फक्त गळा आणि तानपुरा असतो. काय ऐकू आलं ते मला इथे नक्की कळवा.