उत्क्रांती शिकवली, पण मुलांना पटलीच नाही

प्रश्न : सर, मी शाळेत सायन्स शिकवते. उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी तोच प्रश्न, माणूस माकडापासून झाला तर आत्ताची माकडं माणूस का होत नाहीत? काही पालक म्हणतात की आमच्या श्रद्धेत हे बसत नाही. मग मी डार्विन, १८५९ साल, व्याख्या असं लिहून देते आणि पुढे जाते. मुलं मार्क मिळवतात पण पटलेलं नसतं. काय करू?

उत्तर : मॅडम, तो माकडाचा प्रश्न टाळू नका, तो सोन्यासारखा प्रश्न आहे. आत्ताची माकडं आपले पूर्वज नाहीतच, हे आधी स्पष्ट सांगा. चिंपांझी आणि आपण, दोघांचा पूर्वज एकच, तो साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला आणि तिथून दोन फांद्या फुटल्या. चुलत भावाला कोणी विचारत नाही ना, की तू अजून मी का झाला नाहीस? आणि ते वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतचं रांगेतलं चित्र असतं ना, ते वर्गात दाखवूच नका, अर्धा घोळ त्यानेच होतो. त्याऐवजी फळ्यावर फांद्या काढा.

दुसरं म्हणजे सुरुवात डार्विनपासून करू नका, कोड्यापासून करा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात क्रोमोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या, २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? मुलांना डोकं लढवू द्या, कोणीतरी म्हणेलच की दोन जोडल्या गेल्या असतील, मग विचारा की तसं असेल तर खूण कुठे सापडायला हवी. आणि ती सापडलीय! आपल्या दोन नंबरच्या क्रोमोसोममध्ये, जो डीएनए एरवी टोकाला असतो तो मधोमध आहे, शिवाय बंद पडलेला दुसरा सेंट्रोमिअरही (क्रोमोसोमचा आवळलेला भाग, एरवी प्रत्येकात एकच असतो) आहे. टिक्टालिकची गोष्टही अशीच, मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव साधारण ३७.५ कोटी वर्षं जुन्या खडकात मिळायला हवा असं ठरवून शास्त्रज्ञ कॅनडाच्या आर्क्टिक भागात शोधत राहिले आणि २००४ साली त्यांना तो मिळाला. आधी अंदाज, मग पुरावा, हे मुलांनी एकदा अनुभवलं की व्याख्या पाठ करायला सांगावी लागत नाही.

हे सगळं जुन्या काळातलं वाटत असेल तर अँटिबायोटिकला दाद न देणारे बॅक्टेरिया घ्या, ती उत्क्रांती आपल्या डोळ्यांसमोर चाललीय.

आता पालक. त्यांच्याशी भांडू नका हो. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९२५ साली जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला झाला, १०० डॉलर दंड ठोठावला, पुढे वरच्या कोर्टात तांत्रिक कारणावरून तो रद्द झाला पण उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा तो कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच होता. इतकी वर्षं मुलांचं नुकसान झालं आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. पालकांना सांगा की मी श्रद्धा सोडायला सांगत नाही, जीवशास्त्र कशाच्या आधारावर हे म्हणतं ते समजून घ्यायला सांगते. थिओडोसियस डोब्झान्स्की हे विसाव्या शतकातले मोठे उत्क्रांती-शास्त्रज्ञ, ते स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होते. पेपरमध्ये सुद्धा "तुम्हाला पटतं का" असं विचारू नका, "कोणत्या पुराव्यावरून असं म्हणतात" असं विचारा.

आणि शक्य असेल तर हा धडा वर्षाच्या शेवटी घाईत उरकू नका, आधी घ्या, मग वर्गीकरण आणि आनुवंशिकता शिकवताना प्रत्येक वेळी त्या फांद्यांकडे परत बोट दाखवता येईल.