परदेशी जायचंय? आधी कॅलेंडर काढा

प्रश्न : वय 31. पदवीनंतर सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतोय. जर्मनीत स्थायिक व्हायचंय. आधी तिथे मास्टर्स करावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘शिकायचंय’ हा शब्द कुठेच सापडला नाही. शिकायची ओढ नसताना केवळ दार उघडावं म्हणून दोन वर्षं वर्गात बसणं मला तरी पटत नाही. जर्मनीने 1 जून 2024 पासून ‘चान्सेनकार्टे’ म्हणजे ‘संधी कार्ड’ सुरू केलंय. त्यावर तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला 20 तास कामही करता येतं. त्यासाठी किमान 6 गुण लागतात. तुमचे मोजूया. पस्तिशीच्या आत आहात, 2 गुण. गेल्या सात वर्षांत पदवीशी निगडित पाच वर्षांचा अनुभव, 3 गुण. इंग्रजी सी-1, म्हणजे प्रगत पातळीचं असेल तर आणखी 1. झाले सहा! वर्षभराच्या खर्चाची तरतूद मात्र दाखवावी लागते, आणि तुमची पदवी तिथे कशी धरली जाते हे ‘अनाबिन’ या माहितीकोशात आजच बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आणि हो, व्हिसाला इंग्रजी चाललं तरी जर्मन शिकायला आत्ताच लागा. मुलाखतीनंतरच्या गप्पा इंग्रजीत होत नाहीत.

प्रश्न : ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी पैसे खात्यात किती दिवस असावे लागतात? काकांकडून रक्कम घेऊन आठवडाभर ठेवली तर?

आठवड्याने भागणार नाही. सलग 28 दिवस लागतात आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागच्या 31 दिवसांत यावा लागतो. ‘सलग’ म्हणजे अगदी सलग. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने रक्कम बरोब्बर काठोकाठ ठेवली होती. एकोणिसाव्या दिवशी क्रेडिट कार्डाचं बिल आपोआप वळतं झालं, शिल्लक रेषेखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला. तो एक दिवस त्याला नडला, अर्ज नामंजूर. म्हणून या रकमेसाठी वेगळं खातं ठेवा, त्याला कार्ड, हप्ता काहीही जोडू नका आणि थोडी रक्कम वर ठेवा. पैसे तुमच्या नावावर किंवा आईवडिलांच्या नावावर हवेत. काकांच्या खात्यातले चालत नाहीत. त्यांनी द्यायचेच असतील तर आत्ताच तुमच्या खात्यात येऊ द्या.

प्रश्न : पार्टटाइम काम करून फी भरता येईल ना?

नाही. सत्र चालू असताना ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तास, कॅनडात कॅम्पसबाहेर 24, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे. त्यातून किराणा आणि बसचा पास निघेल.

प्रश्न : पासपोर्टवर पूर्ण नाव आहे, पदवी प्रमाणपत्रावर मधलं नाव नाही. अडेल का?

अडेलच असं नाही, पण खुलासा मागितला जाईल, आणि खुलाशाचं पत्र विद्यापीठातून यायला किती आठवडे जातात हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून नावाची दुरुस्ती सगळ्यात आधी. त्यानंतर अपोस्टिल, म्हणजे 1961 च्या हेग करारातल्या देशांत कागद मान्य व्हावा म्हणून लागणारा शिक्का. भाषांतर सर्वांत शेवटी, कारण त्या शिक्क्याचंही भाषांतर मागतात. उलट्या क्रमाने गेलात तर भाषांतराचे पैसे दोनदा मोजाल. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची घाई मात्र करू नका. त्याचा निकाल दोनच वर्षं धरतात. दोन वर्षांपूर्वी उत्साहात दिलेली परीक्षा पुन्हा द्यायला निघालेले लोक मला दर हंगामात भेटतात.

प्रश्न : पत्नी आणि मुलगी सोबत येऊ शकतील का? कोर्स एक वर्षाचा मास्टर्स आहे.

ब्रिटनला जात असाल तर जवळपास नाहीच. 1 जानेवारी 2024 पासून तिथे संशोधनाच्या अभ्यासक्रमांनाच, उदाहरणार्थ पीएचडीला, कुटुंब नेता येतं. सरकारी शिष्यवृत्तीवाले तेवढे अपवाद. कॅनडात 21 जानेवारी 2025 पासून जोडीदाराला वर्क परमिट हवं असेल तर मास्टर्स किमान 16 महिन्यांचं लागतं. म्हणजे तुमच्या बाबतीत कोर्सची लांबी हाच कळीचा मुद्दा आहे. विद्यापीठाच्या रँकिंगकडे नंतर बघा.

प्रश्न : जर्मनीत पोचण्याआधी घर ऑनलाइन ठरवू का? मालक डिपॉझिट मागतोय.

घर न बघता, करार हातात नसताना पैसे पाठवू नका. ‘मी सध्या बाहेरगावी आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा मालक बहुधा मालक नसतोच. पहिले काही आठवडे विद्यार्थी वसतिगृहात किंवा तात्पुरत्या खोलीत काढा. पण तिथेही आधी एक विचारा : पत्ता नोंदणीसाठी घरमालकाचं पत्र मिळेल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि त्या पत्राशिवाय ती होत नाही. मालक या प्रश्नावर चाचरला, तर दुसरी खोली बघा.