व्हॉयेजर-1 ला हात न लावता दुरुस्त कसं केलं?

तुम्ही विचारलंय की 24 अब्ज किलोमीटरवरचं नासाचं व्हॉयेजर-1 हे यान 2024 मध्ये "दुरुस्त केलं" म्हणजे नेमकं काय केलं, तिथे तर कोणी जाऊच शकत नाही. बरोबर आहे, जे केलं ते सगळं इथून कमांड पाठवून केलं. बातम्यांमध्ये ते दोन ओळीत उरकलं होतं म्हणून जरा नीट सांगतो, मी स्वतः ते पाच महिने रोज अपडेट शोधत होतो.

नोव्हेंबर 2023 मध्ये झालं असं की सिग्नल यायचा पण त्यात माहितीच नसायची, एक आणि शून्याचा तोच तोच पॅटर्न. म्हणजे फोन लागलाय, पलीकडे कोणीतरी आहे, पण एकच अक्षर घोकत बसलंय. यान आपल्या कमांड ऐकत होतं, अँटेना पृथ्वीकडेच होता, त्यामुळे संशय गेला एफडीएसवर. हा यानावरचा तो कंप्युटर जो उपकरणांची आणि यानाची माहिती गोळा करून पाठवण्यासाठी बांधून देतो.

आता वेळेचं गणित बघा. कमांड तिथे पोचायला तेव्हा साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच, आज सकाळी विचारलं तर उत्तर परवा पहाटे!

1 मार्च 2024 ला टीमने "पोक" म्हणून एक कमांड पाठवली, थोडक्यात बिघडलेला भाग टाळून दुसरीकडून चालून बघ. 3 तारखेला जे आलं ते धड नेहमीसारखं नव्हतं पण आधीच्या कचऱ्यासारखंही नव्हतं. डीप स्पेस नेटवर्कच्या (लांबच्या यानांशी बोलणाऱ्या नासाच्या अँटेनांचं जाळं) एका इंजिनिअरने ते उलगडलं तर आत एफडीएसची अख्खी मेमरी उतरलेली. ती बिघाडाच्या आधीच्या मेमरीशी ताडून बघितली आणि चोर सापडला, साधारण 3 टक्के मेमरी खराब झाली होती आणि त्याला कारण एक चिप.

चिप तर बदलता येत नाही. मग तिच्यावरचा कोड दुसरीकडे हलवायचा, पण अख्खा मावेल एवढी सलग जागाच शिल्लक नाही. म्हणून त्याचे तुकडे केले, मेमरीत जिथे जिथे मोकळा कोपरा होता तिथे बसवले, आणि बाकी प्रोग्राममध्ये जिथे जुना पत्ता लिहिलेला होता तिथे तिथे नवा घातला. मला सगळ्यात अवघड काम हेच वाटतं, कारण हा प्रोग्राम सत्तरच्या दशकातला आणि तो लिहिणारे बहुतेक लोक आता कामावर नाहीत. 18 एप्रिलला पहिला भाग हलवला, 20 ला यानाने स्वतःची तब्येत कळवली, आणि जूनपर्यंत तेव्हा चालू असलेली चारही उपकरणं परत माहिती पाठवायला लागली.

आणि हे काही पहिल्यांदा झालं नाही. याच्याच जुळ्या यानाचं, व्हॉयेजर-2 चं, मूळ काम शनीपर्यंतचंच होतं, त्यात शनीजवळ कॅमेऱ्याचा फिरता प्लॅटफॉर्म अडकला. पुढे युरेनसला ऊन पृथ्वीच्या जवळपास चारशेव्या भागाएवढं, एक्स्पोजर लांबवावं लागणार, म्हणजे फोटो हलणार. मग इंजिनिअरांनी अख्खं यानच हळूहळू फिरवायचं ठरवलं आणि फोटो छोटे करून पाठवायचं नवं सॉफ्टवेअर वाटेतच चढवलं. युरेनसचे 1986 चे आणि नेपच्यूनचे 1989 चे जवळून काढलेले फोटो त्यामुळे मिळाले, त्यानंतर तिकडे एकही यान गेलेलं नाही.

बॅटरी कधी संपेल असंही तुम्ही विचारलंय. बॅटरी नाहीये, प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज होते, सुरुवातीला साधारण 470 वॉट होती आणि दरवर्षी 4 वॉट कमी होत जाते, म्हणून एकेक हीटर, एकेक उपकरण बंद करत आणलंय.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या यानांवर पृथ्वीवरचे आवाज भरलेली एक सोनेरी तबकडी आहे, तिच्यावर मराठीतून शुभेच्छा आहेत आणि गोव्यात केरीला जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-1 उडालं 5 सप्टेंबर 1977 ला आणि केसरबाई गेल्या 16 तारखेला, अकराच दिवसांनी.

नासाच्या साइटवर डीप स्पेस नेटवर्कचे अँटेना आत्ता कोणाशी बोलतायत ते लाइव्ह दिसतं. व्हॉयेजर-2 दक्षिणेकडे गेल्यामुळे त्याच्याशी फक्त ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या 70 मीटरच्या डिशवरून बोलता येतं, तेव्हा ते नाव कॅनबेरासमोरच शोधा.