ग्रीन झोनमधला प्लॉट, एजंट म्हणतो एनएची गरजच नाही

प्रश्न: नमस्कार ताई, साताऱ्याजवळ एका गावात 2 गुंठ्यांचा प्लॉट बघितलाय, वडिलांच्या रिटायरमेंटच्या पैशातून घर बांधायचं आहे. सातबाऱ्यावर जिरायत लागलंय. एजंट म्हणतो गावठाणापासून 200 मीटरच्या आत आहे म्हणून एनए (बिगरशेती परवानगी) लागतच नाही, आणि ग्रीन झोनचा (शेतीचा) पुढे यलो (रहिवासी) होणारच. टोकन देऊ का?

उत्तर: दादा, टोकन आत्ता अजिबात देऊ नका.

झोन आणि एनए या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी फसगत इथेच होते. झोन ठरतो नगररचनेच्या नकाशावर, 1966 च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली, म्हणजे त्या जागेवर काय बांधता येईल ते. एनए हा महसूल खात्याचा विषय. 200 मीटरची सवलत हवेतली नाही, जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मध्ये ती दिली गेली, पण एजंट पुढची अट सांगत नाही, ती प्रादेशिक योजनेत, म्हणजे नगररचनेच्या नकाशात, बांधकामाला चालणाऱ्या विकासयोग्य झोनमधल्या जमिनीसाठी दिली आणि कर वगैरे भरायची अट घातली, म्हणून ग्रीन झोनसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय अंतर गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, शेवटच्या घरापासून नाही, घरं तर कधीच हद्दीबाहेर गेलेली असतात.

यलो होणारच म्हणतो ना, त्यासाठी योजनेत फेरबदल लागतो, हरकती मागवतात आणि मग शासनाची मंजुरी, ती कधी मिळेल, मिळेल की नाही, कुठलाच एजंट सांगू शकत नाही.

आणि 2 गुंठे शेतजमीन हा 1947 च्या तुकडेबंदी कायद्याचाच प्रश्न आहे, ठरावीक क्षेत्रापेक्षा छोटा शेतीचा तुकडा विकता येत नाही, म्हणून मग पाच-दहा जणांचं सामाईक खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आणि तुमचा तुकडा नेमका कुठला ते कागदावर कुठेच नाही. तुम्ही शेतकरी नसाल तर कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, हे तर एजंटने सांगितलंच नसेल. खरेदीखत रजिस्टर झालं म्हणजे बांधायची परवानगी मिळाली असंही नसतं.

गट नंबर घेऊन स्वतः नगररचना कार्यालयात जा, झोन दाखला आणि भाग नकाशा काढा, एजंटची झेरॉक्स चालणार नाही. नकाशात रस्ता त्या गटातून जातोय का किंवा सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलंय का तेही बघा. मंजूर लेआउटमधला प्लॉट महाग पडेल पण वडिलांचे पैसे आहेत, तोच शोधा.