काठाचे बुडबुडे आणि पहाटे वर येणारे मासे

प्रश्न (करवीर तालुका): आमच्या मातीच्या तळ्यात रोहू-कटला सोडलेत. एप्रिलपासून काठाला बुडबुडे येतात, पाणी हिरवंगार झालंय, पहाटे मासे वर तोंड काढतात. शेण आणि उसाचं पाचट तळ्यात जातं. हा गॅस कसला? हवामान बदलाशी त्याचा संबंध आहे म्हणतात, ते खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. अशाच एका तळ्याच्या काठाला मी बांबू रोवून पाहिला. वर नखाएवढा तपकिरी थर, खाली डांबरासारखा काळा गाळ. बांबू हलवला की बुडबुड्यांची रांग वर आली आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. वास हायड्रोजन सल्फाइडचा. बुडबुड्यांत मुख्यतः मिथेन, आणि त्याला वास नसतो.

तपकिरी थरापर्यंतच प्राणवायू पोचतो. त्याखाली शेण, पाचट, मेलेलं शेवाळ कुजतं तेव्हा जिवाणू मिथेन तयार करतात, गोबरगॅसच्या टाकीत होतं तसंच. शंभर वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा मिथेन सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो.

उन्हाळ्यात हे का वाढतं? पाणी तापलं की जिवाणूंचा वेग वाढतो. दहा अंशांच्या फरकाने मिथेन दुपटीहून जास्त होऊ शकतो. शिवाय पाणी आटतं. खोल तळ्यात वर येता येता बराच मिथेन दुसरे जिवाणू खाऊन टाकतात, पण कंबरभर पाण्यात बुडबुडा सरळ हवेत जातो. वळिवाआधी हवेचा दाब उतरला की गाळात अडकलेला गॅस आणखी सुटतो. पाऊस पडल्यावर थंड पाणी तळाशी जातं आणि तळाचं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढवळून येतं. वळिवानंतर मासे मरतात त्याचं हे मोठं कारण.

हिरव्या पाण्यामागे शेणाबरोबर बऱ्याचदा युरियाही असतो. उसाला दिलेलं नत्र पाटाच्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं, शेवाळ फोफावतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं, म्हणून मासे पहाटे गुदमरतात. त्या नत्रातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. रंकाळा तलावात सांडपाणी आणि जलपर्णीने काय होतं ते कोल्हापूरकरांनी पाहिलंय; शेतातल्या तळ्यात तेच लहान प्रमाणात घडतं.

आता काय करायचं? सगळ्यात आधी शेण आणि पाचट तळ्यात जाणं बंद करा. शेण गोबरगॅसला घाला, म्हणजे तोच मिथेन चुलीला मिळेल. पाचट कुट्टी करून सरीत ठेवा, पेटवू नका. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी द्या. ठिबक असेल तर त्यातूनच. तळ्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन हात रुंद गवताचा पट्टा राखलात तर वाहून येणारी माती आणि खत काही अंशी तिथेच अडतं.

रोज सकाळी हात कोपरापर्यंत पाण्यात घालून पाहा. कोपर बुडायच्या आत तळवा दिसेनासा झाला, तर खत आणि जादा खाद्य त्या दिवसापासून थांबवा. मासे वर आलेले दिसले की पहाटेच पंप लावून पाणी उंचावरून पडू द्या.

गाळाचं काम मात्र टाळू नका, माझ्या मते खरा इलाज तोच आहे. मासे काढल्यावर तळं भेगा पडेपर्यंत वाळू द्या आणि काळा थर उपसा. त्याचा ढीग करू नका, आत तो कुजतच राहतो. शेतात पातळ पसरा. गावाचं किंवा कारखान्याचं सांडपाणी तळ्यात येत असेल, तर पसरण्याआधी गाळ तपासून घ्या. पुन्हा पाणी भरण्यापूर्वी तळाला हेक्टरी २०० ते ५०० किलो चुना द्या. हे सगळं मृगाच्या आत उरकायला हवं, कारण एकदा ओढे वाहू लागले की गाळात ट्रॅक्टर उतरत नाही.